यंत्राची दृष्टि आणि वैद्याची साक्ष

नागपुरांत ज्याला सारे लोक नुसतें 'मेडिकल' म्हणतात, त्या १९४७ सालीं सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत सकाळच्या वेळीं थोडा वेळ उभें राहिलें, तर एक दृश्य हटकून नजरेस पडतें. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, तसेंच पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटकडून आलेलीं माणसें भिंतीला टेकून बसलेलीं असतात, आणि पुष्कळांच्या मांडीवर एक मोठा कागदी लिफाफा असतो. त्या लिफाफ्यांत त्यांच्या शरीराच्या आंतलें चित्र असतें. तें चित्र त्यांचें स्वतःचें आहे, त्यासाठीं त्यांनीं मजुरी बुडविलेली आहे. आणि तरीहि त्याचा अर्थ त्यांना कळत नाहीं. कोणीतरी जाणत्यानें तें उजेडापुढें धरून पाहावें व आपणांस एक शब्द सांगावा, एवढ्यासाठीं तीं ताटकळत असतात. आपली पाळी येतांच एखादा म्हातारा विचारतो, "डाक्टरसाहेब, काय दिसून राह्यलं?"

हा प्रश्न वरकरणी साधा आहे. परंतु त्यांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक ही, कीं समोरच्या माणसानें चित्र स्वतः पाहिलें आहे. आणि दुसरी ही, कीं जें त्याला दिसलें तेंच तो सांगत आहे. आजवर या दोन्ही गोष्टी इतक्या सहज खऱ्या होत्या, कीं त्यांचा वेगळा उच्चार करण्याचें कोणाला कारण पडलें नाहीं. आतां मात्र कित्येक ठिकाणीं चित्र प्रथम यंत्र पाहतें, संशयाच्या जागेभोवतीं रंगीत चौकट आंखतें आणि कोपऱ्यांत एक आंकडा लिहितें; वैद्य तो आंकडा पाहतो. अशा वेळीं म्हाताऱ्याच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर कोणतें? 'मला हें दिसलें' असें म्हणण्याचा अधिकार वैद्याला राहतो काय? हा प्रश्न तंत्राचा नसून नीतीचा आहे, व त्याचा विचार केवळ वैद्यांवर आणि इंजिनियरांवर सोंपवून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. कारण कधींना कधीं तो लिफाफा आपल्यापैकीं प्रत्येकाच्या मांडीवर येणारच आहे.

प्रथम हें यंत्र आलें कोठून तें थोडक्यांत पाहूं. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्ट्सबुर्ग येथें राँटगेन यांना क्ष-किरण आढळले, आणि मनुष्याला कातडीच्या आंत डोकावतां येऊं लागलें. पुढें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत हौन्सफील्ड यांच्या यंत्रानें जिवंत रुग्णाच्या मेंदूच्या आडव्या छेदाचें पहिलें चित्र काढलें. आज ज्याला घरोघरीं 'सी. टी.' म्हणतात तें हेंच. या दोन्ही शोधांनीं डोळ्याला अधिक दाखविलें, परंतु पाहण्याचें काम डोळ्याकडेच ठेवलें. मात्र दुसऱ्या शोधांत तिसऱ्याचें बीज होतें. हौन्सफील्डचें चित्र हें मुळांत आंकड्यांचें चित्र होतें. त्यांत पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, व हाडाला शेंकड्यांनीं वर असा हिशेब असतो. जें चित्र जन्मतःच आंकड्यांचें, तें पाहण्यासाठीं डोळाच पाहिजे असें थोडेंच आहे? आंकडे मोजणारें यंत्रहि तें आपल्या परीनें 'पाहूं' शकेल, ही कल्पना त्यांतून निघणें स्वाभाविकच होतें.

यंत्राच्या लेखीं चित्र म्हणजे आंकड्यांनीं भरलेला एक मोठा पट होय. डोळ्याला एका वेळीं करड्या रंगाच्या मोजक्याच छटा वेगळ्या ओळखतां येतात. वैद्यकीय चित्रांत त्या चार हजारांवर नोंदलेल्या असूं शकतात, आणि यंत्राला त्या सगळ्या सारख्याच स्पष्ट असतात. या पटावर काम करण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतींत मनुष्य यंत्राला नियम सांगतो: येथें कडा शोध, येथें गोलसर गडद जागा असेल तर खूण कर. दुसऱ्या रीतींत नियम सांगतच नाहींत. हजारों चित्रें आणि प्रत्येकाबरोबर 'रोग आहे' किंवा 'नाहीं' एवढी खूण यंत्राला दिली जाते. यंत्र प्रथम वाटेल तो अंदाज करतें. तो चुकला कीं आपल्या आंतले लक्षावधि आंकडे किंचित् बदलतें. पुन्हा अंदाज, पुन्हा चूक, पुन्हा बदल. असें होतां होतां चुका कमी होतात, आणि त्यालाच यंत्र 'शिकलें' असें म्हणतात. पण त्या आंतल्या लक्षावधि आंकड्यांकडे पाहून, अमुक छायेला यंत्र क्षय कां म्हणतें, हें त्याच्या कर्त्यालाहि सरळ सांगतां येत नाहीं. या रीतीचें सारें सामर्थ्य आणि सारी अडचण याच ठिकाणीं आहे.

माझी एक पुतणी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत हाच विषय शिकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें २०१७ सालीं छातीचीं १,१२,१२० क्ष-किरणचित्रें नांवें काढून जगाला खुलीं केलीं; त्यांतलींच चित्रें तिच्या संगणकांत होतीं. गेल्या दिवाळींत ती घरीं आली असतां आमचे एक स्नेही, जे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून दीर्घकाळ काम करून निवृत्त झाले आहेत, फराळाला आले होते. तिनें मोठ्या हौसेनें त्यांना आपलें काम दाखविलें.

"काका, हें पाहा, या चित्रांत यंत्रानें न्यूमोनिया बरोबर ओळखला."

"छान! पण बरोबर ओळखला हें तुला कसें कळलें?"

"चित्राबरोबर तशी खूण दिलेलीच आहे ना."

"ती खूण कोणीं केली, बेटा?"

ती थोडी थांबली. "डॉक्टरांच्या रिपोर्टांतले शब्द वाचून संगणकानेंच त्या खुणा वेंचून काढल्या आहेत."

"म्हणजे खूण करतांना चित्र कोणीं पाहिलेंच नाहीं?"

"ज्यांनीं रिपोर्ट लिहिला त्यांनीं पाहिलें असेल."

"असेल. बरें, आतां यंत्र बाजूला ठेव, आणि तूं पाहून सांग. तुला काय दिसतें?"

पुतणीनें बराच वेळ चित्राकडे पाहिलें. मग ती हळूच म्हणाली, "खरें सांगूं, काका? मला तर कांहींच दिसत नाहीं."

"मग येथूनच आरंभ करूं," असें म्हणून त्यांनीं फराळाची ताटली बाजूला सारली. पुढचा तासभर ते तिला, श्वासनलिका मध्यावर आहे कीं ओढली गेली आहे, गळ्याजवळच्या आडव्या हाडामागें काय दडलें आहे, हृदयाच्या सावलीमागें काय आहे, छातीचे खालचे दोन्ही कोपरे स्वच्छ आहेत कीं भरलेले, अशी एकेक जागा क्रमानें पाहावयास शिकवीत होते. मी शेजारीं बसून ऐकत होतों; आणि माझ्या मनांत आलें, कीं 'पाहणें' व 'कळणें' यांतील जो भेद आपल्या शास्त्रकारांनीं इतक्या बारकाईनें चर्चिला, तोच आज या संगणकाच्या पडद्यावर नव्यानें उभा राहिला आहे.

आपल्या नैयायिकांनीं यथार्थ ज्ञानाचीं चार साधनें मानलीं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यंत्राचा निर्णय यांपैकीं कशांत बसतो? वैद्यापुरतें बोलावयाचें तर तें प्रत्यक्ष नव्हे, कारण त्यानें आंकडा पाहिला, रोगाची खूण पाहिली नाहीं. मग तें शब्दप्रमाण म्हणावें काय? आपण रोजच्या व्यवहारांत यंत्राचा निर्णय तसाच मानतों: 'मशीन म्हणतें' असें म्हणतों, जणूं कोणी वडीलधारें बोललें. परंतु ज्याचा शब्द प्रमाण मानावयाचा त्या आप्ताची शास्त्रानें ठरविलेली योग्यता मोठी आहे. त्यानें ती वस्तु स्वतः यथार्थ जाणलेली असली पाहिजे, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी त्याला इच्छा असली पाहिजे. यंत्राला इच्छा नाहीं. त्याला खोटें बोलतां येत नाहीं हें खरें, पण म्हणूनच त्याला खरेंहि बोलतां येत नाहीं. रोगी वांचावा असें त्याला वाटत नाहीं, आणि तो दगावला तर रात्रीची झोंप उडत नाहीं. तेव्हां तें आप्त नव्हे. उपमानांत त्याला बसवूं पाहावें, तर 'गवय गाईसारखा असतो' हें सांगणारा कोणी जाणता तेथेंहि लागतोच. राहतां राहिलें अनुमान. यंत्र अनुमान करतें, आणि वैद्याच्या हातीं तें दुसऱ्याचें अनुमान म्हणून येतें, असेंच म्हटलें पाहिजे.

हें एकदां मान्य केलें म्हणजे, अनुमान कोठें फसतें याविषयीं आपल्याकडे जें सांगितलें गेलें आहे तें यंत्रासहि लागू होतें. धूर तेथें अग्नि, हें अनुमान निर्दोष. परंतु अग्नि तेथें धूर, असें कोणी म्हटलें तर तें चुकतें. कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. धुराचें खरें कारण ओलें सरपण हें असतें, आणि तें अग्नीच्या सोबत लपून आलेलें असतें. या लपून आलेल्या अटीला 'उपाधि' म्हणतात. ज्यानें आयुष्यभर ओल्या सरपणाचीच चूल पाहिली, त्याला ही चूक चूक वाटणारच नाहीं. दुसऱ्या गांवीं गेल्यावर मात्र तो फसेल.

२०१८ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं नेमकी हीच गोष्ट यंत्राच्या बाबतींत उघडकीस आणली. त्यांनीं न्यूयॉर्कचें माउंट सायनाय रुग्णालय आणि वर सांगितलेली राष्ट्रीय आरोग्य संस्था या दोन ठिकाणच्या छातीच्या चित्रांवर न्यूमोनिया ओळखावयास यंत्र शिकविलें. पहिल्या संग्रहांत न्यूमोनियाचें प्रमाण शेंकडा ३४.२ होतें, दुसऱ्यांत शेंकडा १.२. यंत्र हुशार निघालें. परंतु चित्र कोणत्या रुग्णालयाचें आहे हें तें जवळजवळ अचूक ओळखतें, असें तपासांत दिसलें. डावी-उजवी बाजू कळावी म्हणून चित्र काढतांना जी धातूची खूण ठेवतात, तीवरहि त्याची नजर जात होती. रुग्णालय ओळखलें म्हणजे न्यूमोनियाचा अर्धा अंदाज फुफ्फुसाकडे न पाहतांच होतो! तिसऱ्या ठिकाणचीं, न शिकविलेलीं चित्रें दिल्यावर त्याची अचूकता उतरली. यंत्र खोटें बोललें नाहीं. त्यानें ओलें सरपण पाहून धूर सांगितला, एवढेंच.

आतां हें आपल्या विदर्भाला लावून पाहा. येथें क्षय होऊन बरा झालेल्या, पण व्रण राहून गेलेल्या फुफ्फुसांची वाण नाहीं. पूर्व विदर्भांत सिकलसेलसारखा रक्ताचा वंशागत रोग कित्येक घरांत आहे, आणि त्याच्याहि खुणा हाडांत व छातींत उमटतात. ज्या यंत्रानें अशीं शरीरें शिकतांना पाहिलींच नाहींत, त्याच्या दृष्टीनें जुना व्रण आणि चालू रोग यांत भेद किती राहील? तेव्हां दूरदेशीं मिळालेलें यंत्राचें प्रशस्तिपत्र येथें आणून भिंतीवर टांगणें पुरेसें नाहीं. आपल्याच माणसांवर, आपल्याच रुग्णालयांत, त्याची परीक्षा पुन्हा घेतली पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग यंत्र नकोच. आपला वैद्यच बरा. परंतु हा निष्कर्ष घाईचा होईल. मनुष्याचा डोळाहि निर्दोष नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुफ्फुसाच्या सी. टी. चित्रांतून गांठी शोधावयास सांगितलें होतें, आणि त्या चित्रांत कोणास न सांगतां, गांठीच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठें, गोरिलाचें चित्र मिसळून दिलें होतें. २४ पैकीं २० जणांना तें दिसलेंच नाहीं! जें शोधावयाचें तेंच दिसतें, असा डोळ्याचा स्वभाव आहे. शिवाय डोळा थकतो, कंटाळतो, जेवणाची वेळ झाली कीं घाई करतो. स्वीडनमध्यें ८० हजारांवर स्त्रियांच्या स्तनतपासणींत यंत्राचें साह्य घेऊन पाहिलें, तेव्हां चित्रें वाचण्याचें काम शेंकडा ४४ नें कमी झालें, आणि कर्करोग ओळखण्यांत उणेपणा आला नाहीं, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. तेथें वैद्य होतेच; यंत्रानें त्यांचा भार हलका केला.

याहून मोठा मुद्दा तर पुढेंच आहे. नागपुरापासून गडचिरोली सुमारें पावणेदोनशें किलोमीटर, आणि एटापल्ली-भामरागड त्याहूनहि पलीकडे. तेथल्या खेड्यांत खोकणाऱ्या माणसाची निवड यंत्र आणि कुशल वैद्य यांच्यामध्यें नसतेच; ती यंत्र आणि कोणीच नाहीं यांच्यामध्यें असते. जगांतील क्षयरुग्णांपैकीं सुमारें शेंकडा २६ एकट्या भारतांत होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ सालचा हिशेब आहे. याच संघटनेनें मार्च २०२१ मध्यें, १५ वर्षें व त्यावरील वयाच्या माणसांच्या क्षयाच्या चाळणीसाठीं, चित्र वाचणाऱ्या माणसाच्या जागीं संगणकाचा उपयोग करण्यास संमति दिली. त्यापूर्वीं ज्या तीन संगणकप्रणाली तिनें तपासून पाहिल्या, त्यांतली एक आपल्या मुंबईंत २०१६ सालीं निघालेल्या कंपनीची होती. ७ डिसेंबर २०२४ रोजीं देशांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयमोहिमेंत, हातांत धरून नेतां येण्याजोगीं क्ष-किरणयंत्रें खेड्यापाड्यांतून नेण्यांत आलीं. अशा ठिकाणीं 'यंत्राला इच्छा नाहीं, म्हणून तें आप्त नव्हे' असें न्यायशास्त्र सांगत बसणें हें निष्ठुरपणाचें होईल.

नाहीं मामापेक्षां काणा मामा बरा, ही म्हण येथें कोणीहि उच्चारील, आणि ती खोटी नाहीं. पण या म्हणींत एक धोका आहे. शहरांतल्या श्रीमंताला दोन डोळ्यांचा मामा आणि रानांतल्या गरिबाला कायमचाच काणा मामा, अशी वांटणी एकदां अंगवळणीं पडली, कीं मग खेड्यांत वैद्य पाठविण्याची निकडच उरत नाहीं. तात्पुरता म्हणून घेतलेला आधार हाच न्याय म्हणून मिरवूं लागतो. तेव्हां यंत्र घ्यावें कीं न घ्यावें, एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं. तें कोणत्या अटीवर घ्यावें, हें पाहिलें पाहिजे.

या अटीचा धडा आपल्याच भागांत, संगणकाशिवाय, पूर्वीच गिरविला गेलेला आहे. नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत 'सर्च' ही संस्था काढली. त्या भागांत लहान मुलें न्यूमोनियानें दगावत. क्ष-किरण दूरच, साधा वैद्यहि जवळ नव्हता. बंग दांपत्यानें गांवच्या दायांना बाळाचे श्वास मोजावयास शिकविलें. आणि ज्यांना मोठे आंकडे मोजतां येत नसत त्यांच्यासाठीं मणी सरकविण्याचें एक साधें उपकरण व मिनिटाचें वाळूचें घड्याळ दिलें. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० वर गेले कीं न्यूमोनियाची शंका धरावयाची, आणि औषध द्यावयाचें. या कामानें बालमृत्यु घटल्याचा वृत्तांत १९९० सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

विचार केला तर मण्यांचें तें उपकरणहि निदानाला साह्य करणारें यंत्रच होय. दाईला शास्त्र ठाऊक नव्हतें. निर्णय मण्यांनीं दिला. मग त्यांत आणि संगणकांत भेद कोणता? एक भेद असा, कीं मण्यांचा नियम उघडा होता. तो कां आहे हें दाईला सांगतां येई, आणि तीहि बाळाच्या आईला सांगूं शके. दुसरा भेद याहून महत्त्वाचा. मणी सरकवितांना दाईचा डोळा बाळाच्या छातीवर असे. यंत्रानें तिची नजर बाळावरून काढली नाहीं, उलट ती तेथें खिळविली. आणि तिसरा हा, कीं औषध देणारी बाई दुसऱ्या दिवशीं त्याच गल्लींतून जाणार होती. चुकली तर आईला तोंड द्यावें लागणार होतें. या तीनहि गोष्टी, म्हणजे समजणारा नियम, रोग्यावरची नजर आणि जबाबदार माणूस, जेथें असतील तेथें यंत्र हें पाहणाराच्या हातांतलें साधन राहतें. आणि जेथें त्या नसतील तेथें तेंच पाहणाराची जागा बळकावतें.

पहिली गोष्ट आजच्या यंत्रांत पुरती साधणें कठीण आहे, हें वर आलेंच. म्हणून उरलेल्या दोहोंवर अधिक भर दिला पाहिजे. त्यांतहि एक जागा अशी आहे, कीं जेथें माणसाची जबाबदारी आंकड्याच्या पाठीमागें फार सहज लपते. यंत्र 'क्षय आहे' असें म्हणत नाहीं. तें एक आंकडा देतें, आणि अमुक आंकड्याच्या वर असेल त्याला पुढच्या तपासणीस बोलवावें, असा उंबरठा माणसानें घातलेला असतो. समजा, एका तालुक्यांत १००० माणसांचीं चित्रें काढलीं, त्यांपैकीं १० जणांस खरोखर रोग आहे, आणि यंत्र रोग्यांपैकीं शेंकडा ९० ओळखतें व निरोग्यांपैकीं शेंकडा ९० सोडून देतें. मग १० पैकीं ९ सांपडतील, एक सुटेल. आणि ९९० निरोग्यांपैकीं ९९ जणांवर उगाच शंका येईल. म्हणजे बोलावलेल्या १०८ माणसांत बारांमागें एकच खरा रोगी. उंबरठा खालीं आणला तर तो सुटलेला एकहि सांपडेल, पण धानकापणीच्या दिवसांत आणखी कित्येकांची मजुरी बुडेल आणि गांवांत नांव निघेल. वर नेला तर मजुरी वांचेल, पण आणखी कोणी खोकत घरींच राहील. यांत बरोबर उत्तर गणितांत नाहीं. एका रोग्याचा जीव आणि पन्नास निरोग्यांचा दिवस यांचें वजन करण्याचें काम माणसाचें आहे, आणि तें कोणीं केलें, कशाच्या आधारानें केलें, हें उघडपणें सांगितलें गेलें पाहिजे. तो आंकडा यंत्राबरोबर आला तसाच राहूं देणें, हाहि एक निर्णयच आहे. फक्त तो कोणीं केला हें कळत नाहीं, इतकेंच.

निदानाची ही कथा. चिकित्सेंत तर प्रश्न अधिकच तीव्र होतो. आजकाल शस्त्रक्रियेपूर्वीं काढलेलें चित्र पडद्यावर ठेवून, सुई किंवा शस्त्र कोठवर गेलें तें त्या चित्रांत दाखविण्याची सोय झालेली आहे. परंतु चित्र सकाळचें, आणि शरीर या क्षणाचें. साध्या श्वासाबरोबर यकृत एक-दोन सेंटिमीटर वरखालीं होतें. कवटी उघडल्यावर मेंदू किंचित् खचतो. पडद्यावरची रेघ मात्र जेथल्या तेथें. नैयायिकांनीं स्मृतीला प्रमाणांत स्थान दिलें नाहीं, कारण तिच्यांत पूर्वींच्या अनुभवाचा ठसा असतो, समोरच्या वस्तूचा नव्हे. शस्त्रक्रियेंतील चित्र ही यंत्राची स्मृति आहे. ती उपयोगी आहे, कित्येकदां प्राणरक्षकहि आहे. परंतु तिच्याशीं समोरचें प्रत्यक्ष क्षणोक्षणीं ताडून पाहणारा जागा माणूस नसेल, तर ती आंधळी होते. चित्र आणि शरीर यांचा मेळ घालणारी गणितें रचण्यांत आज अनेक तरुण बुद्धि खर्च करीत आहेत. त्यांचें यशहि शेवटीं हातानें अनुभवलेल्या ऊतीच्या कठीण-मऊपणानेंच पारखलें जातें.

आणि आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे येतों. यंत्र पाहूं लागलें म्हणून माणसाचा डोळा मंद होणार नाहीं काय? २०२५ सालीं पोलंडमधील चार केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आंतड्यांत नळी घालून गांठी शोधणाऱ्या अनुभवी वैद्यांच्या हातीं कांहीं महिने यंत्राचें साह्य होतें. त्यानंतर यंत्राशिवाय केलेल्या तपासण्यांत, गांठ सांपडण्याचें त्यांचें प्रमाण पूर्वींच्या शेंकडा २८.४ वरून २२.४ वर आलें. हा एकच अभ्यास आहे, व केवळ निरीक्षणाचा आहे. त्यावर सिद्धांत उभारणें योग्य नव्हे. तथापि ज्यानें काठी घेऊन चालण्याची संवय केली त्याच्या पायांचें काय होतें, हें आपण घरोघर पाहतोंच. अनुभवी माणसांची ही गोष्ट. मग ज्यांचा डोळा अजून घडलाच नाहीं त्या विद्यार्थ्यांचें काय? पहिल्या दिवसापासून रंगीत चौकट पाहून शिकलेला वैद्य चौकट नसतांना काय पाहील? आणि यंत्र चुकलें, तर तें चुकलें हें ओळखणार कोण? पुढच्या यंत्राला शिकविण्यासाठीं खुणा करणार कोण? यंत्र आज जें जाणतें तें कोणातरी माणसानें डोळे शिणवून पाहिलेलें आहे. तो सांठा संपला आणि नवा भरला गेला नाहीं, तर यंत्रेंच यंत्रांना ऐकीव गोष्टी सांगत बसतील.

म्हणून मला असें वाटतें, कीं या विद्येचें शिक्षण कसें द्यावें हाच तिच्या नीतीचा गाभा आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें चित्र आधीं स्वतः पाहावें, आपलें मत लिहून ठेवावें, आणि नंतरच यंत्राला विचारावें. दोहोंत विरोध आला तर तो लपवूं नये, कारण तोच त्याचा त्या दिवसाचा धडा होय. संगणकाच्या विद्यार्थ्यानें, ज्या चित्रांवर तो यंत्र शिकवितो त्यांतलीं निदान कांहीं शें चित्रें तज्ज्ञाच्या शेजारीं बसून पाहावींत. खुणा कोणीं केल्या, कोणाच्या शरीरावर केल्या, हें विचारावें. रुग्णालयानें यंत्राची परीक्षा आपल्या रोग्यांवर घ्यावी, आणि उंबरठा कोणीं ठरविला तें लिहून ठेवावें. यांत वेळ जाईल, खर्च होईल, आणि यंत्र आणलें तें वेळ वांचविण्यासाठींच, असा आक्षेप येईल. आक्षेप खरा आहे. पण वांचलेल्या वेळांतला थोडा भाग डोळा घडविण्याकडे परत दिला नाहीं, तर ती बचत नसून बियाण्याचें धान्य खाणें आहे.

यावर एक शंका उरते. वैद्यानें प्रत्येक चित्र स्वतः पाहावें म्हटलें, तर भामरागडच्या खेड्यांत काय करावें? तेथें जो तंत्रज्ञ किंवा परिचारिका यंत्र घेऊन गेली आहे, तिनें 'मीं पाहिलें' असें म्हणूं नये. 'यंत्राला शंका आली आहे, पुढें थुंकी तपासली पाहिजे' असें म्हणावें. हें उत्तर लहान आहे, पण त्यांत लबाडी नाहीं; आणि थुंकीचा निकाल घेऊन तीच परत येणार असेल, तर त्यांत आप्तपणाहि आहे. आप्त होण्यासाठीं सर्वज्ञ असावें लागत नाहीं. जेवढें जाणलें तेवढेंच सांगणारा आणि सांगितल्यावर पळून न जाणारा माणूस एवढेंच त्याला पुरतें. यंत्राच्या हातून नेमकी हीच गोष्ट होण्याजोगी नाहीं. त्याची दृष्टि उसनी घेतां येते. साक्ष मात्र ज्याची त्यानेंच द्यावी लागते.

मेडिकलच्या त्या ओळींतल्या म्हाताऱ्याला मी पुष्कळदां आठवतों. त्याचा लिफाफा उघडून एखादा तरुण डॉक्टर त्याला असें म्हणेल काय, कीं "बाबा, या जागीं यंत्राला रोगाची शंका येते, मला मात्र तो जुना व्रण दिसतो. थुंकी तपासूं, आणि गुरुवारीं मीच तुम्हांला सांगतों"? तसें तो म्हणूं शकला, तर यंत्र आल्यानें म्हाताऱ्याचें कांहीं गेलें नाहीं, उलट एक जास्तीचा पहारेकरी मिळाला. परंतु 'मला मात्र जुना व्रण दिसतो' हे शब्द उच्चारण्यासाठीं त्याला तो व्रण खरोखरच दिसला पाहिजे. पुतणी सुटी संपवून परत गेली तेव्हां तिच्या वहींत आमच्या स्नेह्यांनीं काढून दिलेली छातीची एक ओबडधोबड आकृति होती, आणि कोणती जागा कोणत्या क्रमानें पाहावयाची त्याचे आंकडे तीवर घातलेले होते. यंत्र सुरू करण्यापूर्वीं रोज दहा चित्रें त्या क्रमानें पाहतें, असें तिनें परवां कळविलें आहे.